'मणक्याच्या रुग्णाला व्यायाम म्हणजे विष' म्हणे!

सध्या आमच्या कुडाळ-मालवणकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "मणक्याला मार लागून पाय गेलेल्या रुग्णांना व्यायाम म्हणजे विष! वेळीच सावध व्हा" अशी त्याची सुरुवात. खाली सहा-सात मुद्दे आणि शेवटी कुणा 'ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञां'चा हवाला, अर्थात नावाशिवाय. असले मेसेज मी एरवी न वाचताच उडवतो. पण हा आमच्या चाकरमानी काकांनी मुंबईहून थेट वहिनीला धाडला आणि तिने दादाचा व्यायाम बंद केला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आंबे उतरवताना कलमावरून पडला. मार डी-4 ला, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्याशी. "काका बोलले, हार्टवर लोड येता," वहिनी सांगत होती. "आता गप पडान रवा म्हटलंय त्यांका."

म्हणून हे लिहावं लागतंय.

"पाय चालत नाहीत म्हणजे हृदयाला काम कमी, त्याला आराम मिळतो." नेमकं उलट. मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू थांबले की शरीर साखर आणि चरबी कमी जाळतं. खाणं मात्र पूर्वीइतकंच, कारण घरचे प्रेमाने वाढतात. पोट सुटतं, साखर चढते, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं. मणक्याच्या रुग्णांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण धडधाकट माणसांपेक्षा जास्त आढळतं. हृदयाला आराम पुष्कळ मिळाला, आता त्याला काम हवंय.

किती काम, याचं उत्तर 'स्पायनल कॉर्ड' या वैद्यकीय नियतकालिकात 2018 साली छापून आलंय. कॅनडातल्या कॅथलीन मार्टिन जिनिस आणि अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून ही शिफारस केली. दम वाढवण्यासाठी आठवड्यातून दोनदा किमान 20 मिनिटं बऱ्यापैकी जोर लागेल असा व्यायाम. त्याच जोडीला, चालू असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायूगटासाठी ताकदीच्या व्यायामाचे 3 सेट, तेही आठवड्यातून दोनदा. आणि साखर-चरबीचा, हृदयाचा विचार करायचा तर आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं. दुखापतीला वर्ष उलटलेल्या मोठ्या माणसांसाठी हे प्रमाण आहे. त्याआधी फिजिओथेरपिस्ट सांगेल तसं. काकांच्या मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. पायांची गरजही नाही: हाताने फिरवायचं पेडल चालतं, खुर्ची जोरात ढकलणं चालतं. व्यायाम बंद होण्याआधी दादा पडवीच्या खांबाला रबरी पट्टा बांधून दोन्ही हातांनी छातीकडे ओढायचा आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्याच्या कपाळावर घाम यायचा.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. "व्यायामात बीपी अचानक वाढून मेंदूत रक्तस्राव होतो. डोकं दुखू लागलं, घाम फुटला तर रुग्णाला लगेच आडवं करून पाय उंच करावेत."

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. डी-6 किंवा त्याच्या वर मार असलेल्यांचं बीपी खरंच झपाट्याने चढू शकतं. डॉक्टर त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. पण कारण बहुतेक वेळा व्यायाम नसतो. पोटातली लघवीची पिशवी (मूत्राशय) तुंबलेली असते, लघवीच्या नळीला पीळ पडलेला असतो, पोट साफ नसतं, कुठे अंगठ्याचं नख रुतलेलं असतं, कुठे बेडसोर, म्हणजे पडून राहून झालेली जखम. ही कळ मज्जारज्जूतून वर मेंदूपर्यंत पोचत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या मात्र आवळल्या जातात आणि बीपी उसळतं. मेंदूला ते कळतं, तो नाडी मंद करतो, चेहरा लाल होतो, कपाळ घामेजतं, डोकं ठणकतं. मात्र 'सैल व्हा' हा हुकूम जखमेच्या खाली उतरत नाही. या रुग्णांचं रोजचं बीपीच कमी असतं, कित्येकदा वरचा आकडा 90-100. त्यामुळे 140 दिसलं तर 'नॉर्मलच आहे की' म्हणून गप्प बसायचं नाही. नेहमीपेक्षा 20 ते 40 ने वाढ म्हणजे धोक्याची घंटा.

अशा वेळी माणसाला आडवं केलं, वर पाय उंच केले, तर बीपी आणखी चढतं! ताठ बसवायचं. पाय खाली सोडायचे. पोटाचा पट्टा, पायजम्याची नाडी, मोजे सैल करायचे. लघवीची नळी वरपासून खालपर्यंत तपासायची, दर दोन-पाच मिनिटांनी बीपी बघायचं आणि कारण सापडलं नाही किंवा आकडा उतरला नाही तर थेट दवाखाना. आडवं करून पाय वर घेणं हा उपाय दुसऱ्याच त्रासाचा आहे. सकाळी उठवून बसवताना बीपी पडून डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन उलट गोष्टींची खिचडी केली आणि काकांनी ती हात जोडून वाढली. व्यायामाआधी मूत्राशय रिकामं करायचं, बीपी मोजायचं, एवढी शिस्त पाळली तर या भीतीपायी हात बांधून बसायचं कारण नाही.

"नाडी 120 च्या वर गेली की थांबा." मानेला मार असेल तर हृदयाला पळवणाऱ्या नसाच तुटलेल्या असतात, नाडी मुळात तेवढी चढतच नाही. म्हणून तिथे आकड्यापेक्षा दम बघतात: बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम जोर.

"छातीला विश्रांती द्या, जास्त खोकू देऊ नका." पोटाचे आणि फासळ्यांचे स्नायू गेलेल्याचा खोकला आधीच फुसका असतो. कफ आत राहिला की न्यूमोनिया. आणि मणक्याच्या रुग्णांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत तो आहे. कोरोनात घरोघरी आलेलं, श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं यंत्र माळ्यावरून काढा. पोटावर हात देऊन खोकायला मदत कशी करायची, हे फिजिओकडून शिकून घ्या. नुसतं हाताचं पेडल फिरवून खोकला सुधारत नाही, हेही खरं. श्वासाचा व्यायाम वेगळा करावाच लागतो.

"हातांनी व्यायाम केला की खांदे जातात." खांदे दुखतात, कबूल. दिवसभर खुर्ची ढकलून आणि अंग उचलूनच ते थकलेले असतात. म्हणूनच ढकलण्यापेक्षा ओढण्याचे व्यायाम जास्त घ्यायचे.

उन्हाचं मेसेजमध्ये काहीच नाही, आणि खरी काळजी तिथेच हवी होती. जखमेखाली घाम येत नाही किंवा फार कमी येतो, अंग तापतं ते निवत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात, त्या दमट हवेत, दुपारी पत्र्याखाली व्यायाम करायला लावू नका. सकाळी, पंख्याखाली, मानेवर ओला पंचा टाकून.

"विश्रांती हेच औषध" म्हणणाऱ्यांसाठी दोनच नावं. लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला मणक्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला आणि पडून राहणाऱ्यांना उठवून खेळायला लावलं. 29 जुलै 1948 ला तिथे 16 जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा केली, पॅरालिम्पिकचं मूळ तेच. दुसरे आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, पुढे पोहणं धरलं आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटरमध्ये सुवर्णपदक. प्रत्येकाची इजा वेगळी, दादाने पदक आणावं असं कुणी म्हणत नाहीये.

राहिला "21 दिवस तेलमालिश आणि गरम वाळूचा शेक". जिथे स्पर्श कळत नाही तिथे शेक द्यायचाच नाही, कातडी भाजली तरी माणूस हूं की चूं करणार नाही. आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला, गरम लागला तर त्याला तेलाचा हातही लावू नका. आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर 108 ला फोन करा.