बाप होण्यापूर्वी ऑफिसची परवानगी घ्या

केंद्र सरकारच्या नोकरीत आहात आणि घरी पाळणा हलणार आहे? अभिनंदन. पेढे वाटायच्या आधी आमच्या दोन-चार सूचना ऐका. ताज्या आहेत, गेल्याच आठवड्यात अंगावर शेकल्यात.

आधी तारीख. बाळंतपण मार्चएंड, ऑडिट आणि साहेबांच्या पुतण्याचं लग्न टाळून ठरवा.

पितृत्व रजेचा अर्ज देताना चेहरा पाडून उभं राहा. १५ दिवसांची ही रजा १९७२ च्या रजा नियमांत ४३-ए म्हणून आहे, पूर्ण पगारी आहे, रजेच्या खात्यातून वजा होत नाही, हे तुम्हाला ठाऊक असल्याचं चुकूनही दाखवू नका. साहेबांना ती आपल्या मळ्यातली दोन कांडी ऊस दिल्यासारखी द्यायची असते.

आता कागदपत्रं. नियम म्हणतो, बाळंतपणाच्या आधी १५ दिवसांपर्यंत किंवा जन्मानंतर सहा महिन्यांत रजा घ्या. मी आधीची मागितली. अर्ज परत आला, मार्जिनमध्ये लाल शाईनं शेरा: 'बाळाचा जन्मदाखला जोडून फेरसादर करावे.' बाळ अजून पोटात आणि यांना दाखला पाहिजे! डॉक्टरांनी दिलेली तारीख जोडली होती, तर क्लार्कसाहेब विचारतात, "यावर बाळाचं नाव कुठाय?" अहो, नाव बारशाला ठेवतात! तिथं आत्या कानात कुर्रर्र करणार आणि बाप इथं आवक-जावकच्या टेबलापाशी त्रुटी पूर्ण करत उभा. वर शेजारच्या टेबलावरून, "काय मर्दा, बाळंतीण तू हाईस का बायको?" आणि खोखो हसणं. हसा. तुमची बायको माहेरी गेली, सासूनं शेकशेगडी केली, अळिवाची खीर केली, तुम्ही बाराव्या दिवशी जाऊन घुगऱ्या खाऊन आलात. आमच्याकडं ना सासू, ना आई. सिझर सांगितलंय. टाके घातलेल्या बाईला रात्री उठवून बसवायला कोण येणार, आस्थापना शाखा?

भगिनींसाठी: १८० दिवसांची मातृत्व रजा संपवून आलात की "सहा म्हैने आराम झाला बघा" यावर गोड हसायचा सराव आत्तापासून करा.

पोरांच्या परीक्षा-आजारपणासाठीची बालसंगोपन रजा अख्ख्या नोकरीत ७३० दिवस, बायकांना आणि एकट्या बापालाही. पहिले ३६५ पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्क्यांवर. पण हक्क म्हणून मागता येत नाही, तेव्हा पोराची दहावी मार्चमध्ये येऊ देऊ नका. बोर्डाचं विभागीय कार्यालय आपल्या कोल्हापुरातच आहे, अर्ज टाकून बघा. (राज्य सरकारवाल्यांना २०१८ च्या जीआरनं १८० दिवसच दिलेत. त्यांची पोरं भराभर मोठी होत असावीत.)

बास झाली थट्टा. साहेब, त्याच ४३-ए मध्ये लिहिलंय की ही रजा सर्वसाधारणपणे कोणत्याही परिस्थितीत नाकारू नये. मुदतीत घेतली नाही तर ती बुडते, हेही तिथंच आहे. ती तुमच्या खिशातून जात नाही. नियमांचं पुस्तक तुमच्याच मागच्या कपाटात आहे, धूळ झटका आणि वाचा. दात काढणाऱ्यांनो, दुसऱ्याच्या घरच्या बाळंतपणावर विनोद करताना जरा तरी लाज वाटू द्या. आणि तोंडी विचारून, "बघू" ऐकून मुकाट माघारी येणाऱ्या भित्र्यांनो, तुमच्यामुळंच यांची सवय बिघडलीय. अर्जावर नियमाचा नंबर घाला, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या आणि नाकारायची असेल तर लेखी द्या म्हणा. लेखी म्हटलं की यांचे हात कापायला लागतात.