जुळ्यांचे ठसे सारखे नसतात, तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा

"सिनेमातले जुळे आणि डुप्लिकेट: पोलिसांनाही न सुटणारं कोडं" असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आधी मी तो वाचून सोडून दिला होता. पण काल वहिनीचा फोन आला, "भाऊजी, दोघांचे ठसे एकच निघाले तर एकाचं आधार बाद करतात का हो?" माझे पुतणे जुळे आहेत, नुकतीच पाच वर्षं पूर्ण झालीत, म्हणजे आता आधारला ठसे द्यायचे, आणि वहिनी या मेसेजमुळे केंद्रावर जायलाच घाबरतेय. म्हणून एकदा नीट लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं, की एकसारख्या जुळ्यांचे बोटांचे ठसे आणि डीएनए तंतोतंत एक असतात म्हणून रहस्यपटात दाखवतात ते सगळं खरं आहे, एकाने खून केला तर कोर्टाला दोघांनाही सोडावंच लागतं, जगात प्रत्येकाचे सात डुप्लिकेट असतात, ज्वेल थीफमध्ये देव आनंदचा जुळा भाऊ चोर निघतो, इंग्रजी डिटेक्टिव्ह कथांमध्ये जुळ्यांवर बंदीच आहे, आणि आपला मराठी पाठलाग ही मेरा सायाची कॉपी आहे.

पहिलं ठशांचं, कारण नुकसान त्यानेच होतंय. साफ खोटं आहे हे. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास तयार होतात आणि त्या नुसत्या जनुकांवर ठरत नाहीत, बाळ कुठल्या बाजूला आहे, बोटांवर कसा दाब येतोय, बोटाची वाढ कशी होतेय, या सगळ्याचा परिणाम होतो आणि तो एकाच पोटातल्या दोन बाळांवर वेगवेगळा होतो. आता अर्धं खरं काय तर जुळ्यांमध्ये शंख-चक्राचं साम्य परक्या माणसांपेक्षा जास्त असतं, ते मान्य. पण ओळख शंख-चक्रावर होत नाही, रेष कुठे संपते, कुठे फुटून दोन होतात, त्या बारीक खुणांवर होते. वहिनीला म्हटलं स्टॅम्प पॅडवर दोघांचे उजवे अंगठे टेकव आणि कागदाचा फोटो पाठव. मोठा करून बघितला तर दोघांनाही शंखच, पण एकाची मधली रेष वर जाऊन दुभंगलेली आणि दुसऱ्याची त्याच जागी मध्येच तुटलेली. पाच वर्षांच्या पोरांच्या अंगठ्यावर साध्या मोबाईलवर जे दिसतं ते मेसेज लिहिणाऱ्याला एकदा तपासून बघावंसं वाटलं नाही याचा मला राग येतो. आधारला दहाही बोटं घेतात, शिवाय दोन्ही डोळ्यांची बुबुळं, आणि जुळ्यांची बुबुळंही वेगळी असतात. आणि ठशांवरून माणूस ओळखायचं पहिलं सरकारी ऑफिस १८९७ ला कलकत्त्यात निघालं, वर्गीकरणाची किचकट पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच दोघांचा मोठा हात होता. त्याच देशात आज हा मेसेज फिरतोय.

डीएनएच्या बाबतीत मात्र मेसेजला थोडं द्यावं लागेल. पोलीस तपासातल्या नेहमीच्या चाचणीत डीएनएच्या ठराविक काही जागाच बघतात आणि त्यात एकसारखे जुळे वेगळे काढता येत नाहीत, हे खरं. बर्लिनमध्ये जानेवारी २००९ मध्ये काडेवे या मोठ्या स्टोअरमध्ये दागिन्यांची चोरी झाली, मागे राहिलेल्या हातमोज्यावरचा डीएनए जुळ्या भावांशी जुळला, पण दोघांपैकी कोणाचा ते सांगता येईना म्हणून दोघांना सोडलं. पण हे नीट बघा, चोरांनी तोंडं झाकलेली होती आणि हातात मोजे होते, म्हणजे चेहरा नाही, ठसे नाहीत, हातात फक्त डीएनए. तो खटला तिथे अडला. त्यावरून "कोर्टाला दोघांना सोडावंच लागतं" असा कायदा होत नाही, ठसे, मोबाईलचं लोकेशन, कॅमेरा, साक्षीदार यातलं एक जरी धड मिळालं तरी कोण ते ठरतं. आणि तंतोतंत एक म्हणाल तर तेही नाही. आइसलंडच्या संशोधकांनी ३८१ जुळ्या जोड्यांचा पूर्ण जीनोम म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए वाचला, २०२१ मध्ये नेचर जेनेटिक्स या विज्ञान मासिकात छापून आलंय, जुळ्यांमध्ये गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळातले डीएनएमधले सरासरी ५.२ बदल वेगळे सापडले. ही तपासणी खर्चिक आहे, रोजच्या केसमध्ये कोणी करत नाही, पण फरक असतो.

डुप्लिकेटमुळे गुन्हेगार सुटतात असं मेसेजमध्ये मजेत लिहिलंय. प्रत्यक्षात निरपराध माणूस आत जातो. लंडनमधल्या अडॉल्फ बेकचं वाचा. १८९६ मध्ये बायकांना फसवून दागिने लुबाडल्याबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, एकामागून एक बायकांनी कोर्टात "हाच तो" म्हणून बोट दाखवलं. खरा भामटा दुसराच होता, त्याच्या जुन्या तुरुंगाच्या नोंदीत सुंता झाल्याची खूण होती आणि बेकची सुंता झालेली नव्हती, तरी कोणी ऐकलं नाही. सुटून आला तर १९०४ मध्ये त्याच आरोपाखाली पुन्हा पकडला, पुन्हा दोषी ठरवला, आणि खरा माणूस हाती लागला तेव्हा कुठे सुटका झाली. इंग्लंडमध्ये १९०७ मध्ये फौजदारी अपिलाचं कोर्ट आलं त्यामागे हे प्रकरण होतं. जुळ्या पोरांच्या आईला घाबरवण्याऐवजी हे सांगा ना लोकांना, की नुसत्या चेहऱ्यावरून कोणाला ओळखू नका.

सात डुप्लिकेटचा आकडा कुठून आला याला काही आधार नाही. दिसायला सारखी माणसं असतात, कॅनडाचे फोटोग्राफर फ्रान्स्वा ब्रुनेल यांनी जगभर फिरून अशा जोड्यांचे फोटो काढलेत, पण सात वगैरे काही नाही.

आता सिनेमे. ज्वेल थीफमध्ये देव आनंदचा जुळा भाऊ नाहीच हो, पिक्चर न बघताच लिहिलंय! विनयला, म्हणजे देव आनंदला, सगळे प्रिन्स अमर समजतात, भर पार्टीत त्याला बूट-मोजा काढून पाय दाखवावा लागतो कारण अमरला पायाला सहा बोटं आहेत म्हणे, आणि शेवटी कळतं की अमर नावाचा माणूसच अस्तित्वात नाही, टोळीने रचलेला आहे. डुप्लिकेट नसताना डुप्लिकेटचं रहस्य उभं केलंय, म्हणून तर तो पिक्चर इतका आवडतो मला. बंदीचं म्हणाल तर रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये डिटेक्टिव्ह कथांचे दहा नियम लिहिले, त्यात दहावा असा की वाचकाला आधी तयार केल्याशिवाय जुळे किंवा डुप्लिकेट आणू नयेत. आणू नका असं नाही, शेवटच्या पानावर अचानक आणू नका.

राहिला पाठलाग. राजा परांजपे यांचा पिक्चर, काशिनाथ घाणेकर वकील, भावनाचा डबल रोल, आणि गोष्ट जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीची. त्यावरून राज खोसलांनी मेरा साया केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. पाठलाग १९६४ चा, मेरा साया १९६६ चा. कॉपी कोणी कोणाची केली हे ठरवायला दोन वर्षांचा हिशोब पुरतो.