गॅप अ‍ॅफिडेव्हिट

विषय काढला नंद्यानंच. नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा, निकाल लागून आठ दिवस झाले होते. आमच्या लातूरच्या ट्यूशन एरियात रिपीटर बॅचचे नवे फलक लागले होते आणि सचिन कट्ट्यावर येऊन गप चहा पीत होता. नंद्याला गप बसलेला माणूस बघवत नाही.

"किती पडले म्हणलास?"

"720 पैकी 412."

"बास झालं की मग. पुन्हा कशाला फॉर्म भरायलास? प्रॅक्टिकल बोल."

नंद्या विमा विकतो. दर तिसऱ्या वाक्याला 'प्रॅक्टिकल बोल' म्हणतो आणि खिशातून मोबाईल काढून कॅल्क्युलेटर उघडतो. तसा त्यानं उघडलाच. "आता तू 36. पुढच्या वर्षी नंबर लागला तर 37. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, एक वर्ष सरकारी बॉण्ड. साडेत्रेचाळीस!" स्क्रीन त्यानं सगळ्यांना फिरवून दाखवली, जणू लॉटरीच लागली.

मास्तर, म्हणजे आमचा प्रशांत, तोंड उघडणार इतक्यात मेहबूबनं त्याला अडवलं. "'नाही केलं तरी साडेत्रेचाळीसचा होणारच' हे व्हॉट्सअपचं वाक्य टाकू नको. सकाळीच आलंय."

मास्तर हिरमुसला. तेच टाकणार होता.

सचिनची कथा कट्ट्याला पाठ आहे. 2007 ला बारावी, तेव्हा नीट नव्हती, 200 मार्कांची सीईटी होती. त्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले. मग बीएस्सी, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स आणि तेरा वर्षं लॅबमध्ये रक्त काढणं. 2017 ला खुल्या गटाला नीटसाठी वयाची 25 ची अट आली तेव्हा हा 28 चा.

"कोर्टानं परीक्षेला बसायला मुभा दिली होती की," नंद्या म्हणाला.

"मला कोण सांगणार? तू सांगितलंस का? तू तेव्हा मला एंडोमेंट पॉलिसी विकलीस."

ऑक्टोबर 2021 ला मेडिकल कमिशननं वयाची वरची अटच काढली, पत्र मार्च 2022 ला निघालं. हे सचिनला कळलं एका पेशंटकडून. सुई दंडात असताना. त्यानंतर रात्री अकरा ते दोन अभ्यास, सकाळी सातला लॅब.

"पण फिजिक्स!" नंद्या मुद्द्यावर आला. "किती रे फिजिक्सला?"

"32. दहा बरोबर, आठ चूक. बायोला 290, केमिस्ट्री 90."

"बत्तीस!"

"यंदाचा फिजिक्सचा पेपर बघितलास का तू?" मेहबूब म्हणाला. "2024 ला 720 वाल्यांची रांग होती, 600 वाले रडत बसले. यंदा, 2025 ला, देशाचा टॉपरच 686 वर आलाय. पोरं पेपर टाकून मुंडी खाली घालून बाहेर पडायलती. मी रिक्षा घेऊन गेटवर होतो."

गेटचा विषय निघाला आणि सचिन पहिल्यांदा हसला. सेंटरवर अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चपला घालून हा लाइनीत उभा. वॉचमन म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." प्रवेशपत्र दाखवलं तर त्यावरचा फोटो बघून म्हणाला, "पोराचं दाखवा." आत गेल्यावर मेटल डिटेक्टर अंगठीवर वाजला. लग्नातली अंगठी, तेरा वर्षांत निघालेली नाही. शेवटी शाळेच्या नळावर साबण लावून काढली. शेजारचं पोरगं म्हणालं, "अंकल, टेन्शन घेऊ नका."

"आणि गॅप अ‍ॅफिडेव्हिट?" मी विचारलं. शिक्षणात खंड पडल्याचं ते प्रतिज्ञापत्र.

"नोटरीवाल्यानं विचारलं, गॅप किती? म्हणलं, अठरा वर्षं. त्यानं पेन खाली ठेवला. 'दरम्यान काय करत होतात ते लिहावं लागेल.' म्हणलं, लिहा, रक्त काढत होतो."

मेहबूबच्या नाकातून चहा आला.

हसणं ओसरल्यावर मास्तरनं आपली गाडी दामटलीच. रखमाबाई पंचविशीत लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. त्याआधी नवऱ्यानं कोर्टात खेचलं, कोर्टानं 1887 ला सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

"त्यांना घराचा ईएमआय नव्हता," नंद्या.

"नवरा मागं लागलेला, तोही वकील घेऊन," मेहबूब. "ईएमआय परवडला."

"आणि ओडिशात स्टेट बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ 64 व्या वर्षी बुर्ल्याच्या सरकारी कॉलेजात..."

"त्यांना पेन्शन होती!" नंद्या खरंच चिडला. "तुम्ही लोक याला भरीला घालायलाव. सुनीता वहिनींच्या एकटीच्या पगारावर साडेपाच वर्षं? नोकरी करत एमबीबीएस होत नाही, हजेरी लागते. शिवाय एक सीट वाया. वीस वर्षांच्या पोराला दिली तर तो चाळीस वर्षं सेवा देईल."

ईएमआयचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मलाही मान्य करावं लागलं. सचिनही काही बोलला नाही. पण 'सेवा' म्हणाला आणि नंद्या फसला.

"तुझा पोरगा नववीत फाउंडेशन बॅचला आहे ना?" मेहबूबनं कप खाली ठेवला. "तो डॉक्टर होईल, पीजी करील, पुण्याला फ्लॅट घेईल. लातूरला किती वर्षं देईल? आणि मागच्या श्रावणात तुझी आई अ‍ॅडमिट होती. दोन डॉक्टरांना शीर सापडली नाही, हात काळानिळा केला. रात्री दोनला कुणाला फोन लावलास?"

नंद्यानं मोबाईल खिशात घातला.

"तो विषय वेगळा आहे," असं काहीतरी तो पुटपुटला.

"वेगळा कसा? अन् फिजिक्सला 32 पडले ते तुझ्यामुळंच. बारावीला याची ऑप्टिक्सची वही नेलीस ती अजून दिली नाहीस."

"दिली होती!"

"कधी?"

"सेंडऑफला."

"सेंडऑफला तू गॅलरीत रडत होतास," मी म्हणालो. "कुणासाठी ते सांगू का?"

मग अर्धा तास तोच विषय. ती आता उदगीरला असते, दोन मुलं, नवरा विम्यातच आहे आणि नंद्यापेक्षा मोठा एजंट आहे. सचिनची सीट, वहिनींचा पगार, सगळं बाजूला पडलं. वेफर्सची दोन पाकिटं संपली, नंद्या लाल झाला. शेवटी वैतागून त्यानं आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, माळ्यावर माझी जुनी फिजिक्सची वही आहे का? निळ्या कव्हरची?"

"आहे की. मागच्या बाजूला मी भिशीचा हिशोब लिहिलाय. कशाला पाहिजे?"

"सच्याला द्यायचीय."

"सचिनला व्हय? मग घेऊन जा. मला वाटलं तुला पाहिजे."