दहावीचे गुण आणि अकरावीचे गणित: फिरत्या संदेशातल्या पाच चुका

दहावीचा निकाल लागला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच असतो. गणितात १०० पैकी ८० च्या खाली गुण असतील तर अकरावीला गणित घेऊ नका. गणिताचे डोके जन्मजात असते. घ्यायचेच असेल तर सुट्टीत अकरावीचा निम्मा पोर्शन संपवा. मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुलाला ते जडच जाणार. आणि डॉक्टर व्हायचे असेल किंवा कॉमर्सला जायचे असेल तर गणिताची गरजच नाही.

हा सल्ला चांगल्या हेतूने पुढे ढकलला जातो, पण त्यावर विसंबून दरवर्षी मुले विषय सोडतात. शिवाय अकरावीला सोडलेले गणित बारावीला परत घेता येत नाही. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

८० च्या खाली म्हणजे गणित नको

एकूण गुण किती, यापेक्षा ते कुठे गेले हे महत्त्वाचे. सीबीएसईच्या दहावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेची विभागणी उघड आहे, तीच उदाहरणाला घेऊ: संख्या ६, बीजगणित २०, निर्देशक भूमिती ६, भूमिती १५, त्रिकोणमिती १२, क्षेत्रफळ-घनफळ १०, सांख्यिकी आणि संभाव्यता ११. गोवा मंडळाची विभागणी वेगळी असली तरी अकरावी-बारावीची पुस्तके तिथेही एनसीईआरटीचीच आहेत, त्यामुळे पुढे काय लागते याचे उत्तर एकच.

अकरावीचा रोजचा आधार म्हणजे बीजगणित, निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती, मिळून ३८ गुण. भूमितीतली प्रमेये, शंकू-गोलाची घनफळे, मध्य-मध्यक-बहुलक आणि संभाव्यता मिळून ३६. आता दोन मुली घ्या, दोघींना ८० पैकी ६५. एकीचे सगळे १५ गुण या ३६ मधून गेले: प्रमेयाची सिद्धता अर्धी राहिली, शंकूच्या पृष्ठफळात तिरकस उंचीऐवजी सरळ उंची घातली, बहुलकाच्या सूत्रात वर्गाची खालची मर्यादा चुकली. दुसरीचे १५ गुण त्या ३८ मधून गेले. गुणपत्रिका दोघींना सारखेच लेखते, पण अकरावीत पहिली नीट चालेल आणि दुसरी गणपतीच्या सुट्टीपर्यंत अडकेल. दुसरीच्या जागी ७२ गुणांची मुलगी असली तरी तिचे गेलेले आठही गुण कंस सोडवण्यात आणि चिन्हांत गेले असतील, तर धोका तोच.

तेव्हा आकडा बाजूला ठेवा आणि मुलाला पुढची सहा गणिते द्या. वेळ वीस-पंचवीस मिनिटे, कॅल्क्युलेटर नाही.

पहिले: २/(क्ष − १) − ३/(क्ष + २) हे एका अपूर्णांकात लिहा. दुसरे: ६क्ष² − क्ष − २ चे अवयव पाडा. तिसरे: √५० − √१८ सोपे करा. चौथे: ८ चा (−२/३) वा घात काढा. पाचवे: य = २क्ष − ३ ही रेषा दोन्ही अक्षांना कुठे छेदते, तक्ता न करता सांगा. सहावे: १/फ = १/व − १/उ यातून व काढा.

उत्तरे अशी: (७ − क्ष)/((क्ष − १)(क्ष + २)), (३क्ष − २)(२क्ष + १), २√२, १/४, क्ष-अक्षाला १.५ वर आणि य-अक्षाला −३ वर; व = उफ/(उ + फ).

यातले एकही गणित दहावीच्या पुढचे नाही, पण अकरावी-बारावी उभी असते ती यांच्यावरच. पहिले विकलनाच्या (डिफरन्शिएशनच्या) मूळ व्याख्येत येते आणि बारावीच्या संकलनात (इंटिग्रेशनमध्ये) पुन्हा येते. दुसरे मर्यादांच्या शून्य भागिले शून्य प्रकारात, तिसरे शांकव छेदांत, चौथे घातांच्या विकलनात, पाचवे सरळ रेषा आणि असमानतांत लागते. सहावे तर भौतिकशास्त्रातले भिंगाचेच सूत्र आहे. पाच-सहा बरोबर आली तर १०० पैकी एकूण गुण ६५ असोत की ८५, गणित घ्यायला हरकत नाही. तीन-चार आली तर घ्या, पण सुट्टी दुरुस्तीला द्या. त्याहून कमी आली तर निर्णयापूर्वी दहा दिवस थांबा, रोज सराव करून घ्या आणि तशीच दुसरी सहा गणिते द्या. दहा दिवसांत फरक पडला तर दोष सवयीचा होता.

गणिताचे डोके जन्मजात असते

ऑलिंपियाडपर्यंत कोण जाईल हा वेगळा विषय आहे. शाळेच्या गणितात मूल अडते तेव्हा पायरी जवळून पाहिली की बहुतेक वेळा जुनी, नाव घेता येण्याजोगी चूक सापडते. कॅल्क्युलस जमत नाही अशी तक्रार घ्या. अकरावीत १/क्ष चे विकलन मूळ व्याख्येने करायला सांगतात. आधी १/(क्ष + ह) − १/क्ष काढायचे, मग ह ने भागायचे, मग ह शून्याकडे न्यायचा. वजाबाकीचा छेद क्ष(क्ष + ह), आणि अंश क्ष − (क्ष + ह), म्हणजे −ह. ह ने भागले की −१/(क्ष(क्ष + ह)) उरते आणि ह शून्याकडे गेला की −१/क्ष².

वह्या उघडल्या की इथे दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. काही मुले कंस सोडवताना क्ष − क्ष + ह लिहितात. वजा चिन्ह कंसातल्या दुसऱ्या पदापर्यंत पोचतच नाही आणि उत्तर +१/क्ष² येते. काही मुले १/(क्ष + ह) चे सरळ १/क्ष + १/ह करून टाकतात. मग १/क्ष कटते, १/ह² उरते, ह शून्याकडे जाताच ते अवाढव्य होते आणि मूल म्हणते, उत्तर येतच नाही. मर्यादा ही कल्पना दोघांनाही अडलेली नाही. पहिल्याचे दुखणे सातवी-आठवीच्या कंसांत आहे, दुसऱ्याचे अपूर्णांकांच्या बेरजेत. शिक्षकाने फळ्यावर मर्यादा पुन्हा समजावली, पालकांनी आणखी एक ट्यूशन लावली, तरी दोन्ही वेळा औषध चुकीच्या जागी लागते.

दुसऱ्या चुकीवर उतारा सोपा आहे. मुलाला क्ष = २, ह = २ घालायला सांगा. डावीकडे १/४, उजवीकडे १. पहिल्या चुकीसाठी वेगळा प्रश्न विचारा: क्ष वाढला की १/क्ष वाढतो की कमी होतो? कमी होतो, मग उतार धन कसा येईल? असे दोन-तीनदा झाले की मूल स्वतःच उत्तर तपासायला लागते. जन्मजात डोक्याच्या नावावर खपवले जाते ते बहुतेक वेळा हे तपासणेच असते.

सुट्टीत अकरावीचा निम्मा पोर्शन संपवा

या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होते. घाईघाईच्या वर्गांत सुट्टीत शिकवतात ते विकलनाचे नियम, कारण ते दिसायला भारी असतात आणि भौतिकशास्त्रात लगेच लागतात. घात पुढे आणायचा, घातातून एक वजा करायचा, हे चार दिवसांत येते. क्ष³ चे ३क्ष² झाले की घरचे खूश होतात. मग १/√क्ष समोर येते आणि मूल थांबते, कारण हा क्ष चा (−१/२) वा घात आहे हे नववीच्या घातांकांत पक्के झालेले नसते. शिवाय वर्ग सुरू झाल्यावर शिक्षक फलन म्हणजे काय हे सांगत असतात तेव्हा या मुलाला वाटते की आपले हे झाले आहे. ऐकायचे राहते आणि पहिल्या घटक चाचणीत ते कळते.

त्रिकोणमितीत हे आणखी ठळक दिसते. दहावीत साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण, काटकोन त्रिकोणात. अकरावीत साइन १५०° विचारतात. काटकोन त्रिकोणात १५० अंशांचा कोन बसेल कसा? इथे जुनी व्याख्या बाजूला ठेवून एक त्रिज्येचे वर्तुळ काढावे लागते: कोन फिरवत न्यायचा, बिंदू जिथे थांबेल तिथली त्याची उंची म्हणजे साइन. १५०° ला ती उंची ३०° इतकीच, १/२. २१०° ला बिंदू अक्षाखाली जातो, म्हणून −१/२. ज्याने हे वर्तुळ स्वतः काढून पाहिले त्याला चिन्हांचा तक्ता पाठ करावा लागत नाही. बेरजेच्या सूत्रांचेही असेच. कोसाइन (अ + ब) चे सूत्र सिद्ध झाले की ब च्या जागी −ब घालून वजाबाकीचे मिळते, कोटिकोन वापरून साइनचे आणि दोहोंच्या भागाकाराने टॅनचे. सुट्टीत वीस सूत्रांचा कागद पाठ करून आलेले मूल हे नातेच पाहत नाही, आणि परीक्षेत एक चिन्ह विसरले की त्याला परत यायला वाट नसते.

सुट्टी वापरायचीच असेल तर चार आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोज पाऊण तास पुरतो. पहिला आठवडा ऋण संख्या, कंस आणि क्ष असलेले अपूर्णांक. दुसरा घातांक, करणी आणि अवयव. तिसरा रेषीय समीकरणे, आलेख आणि वर्गसमीकरण, पूर्ण वर्ग करण्याच्या रीतीसह, कारण अकरावीत वर्तुळाचे केंद्र तिनेच काढतात. चौथ्यात ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांच्या किमती, तीन नित्यसमानता आणि शाब्दिक उदाहरणे.

एका बैठकीला दहा गणिते पुष्कळ झाली, पण प्रत्येक उत्तर आकडा घालून तपासायचेच. वरच्या सहांतल्या पहिल्या गणितात क्ष = ३ घाला: २/२ − ३/५ म्हणजे २/५. उत्तरात घातले तर ४/१०, तेही २/५. ज्याने −३(क्ष − १) चे −३क्ष − ३ केले असेल त्याला −१/५ मिळेल आणि चूक त्याची त्यालाच दिसेल. वहीच्या मागच्या पानावर चुकांची यादी ठेवा: तारीख, गणित, नेमकी कुठली ओळ. तीन आठवड्यांनी त्या यादीत दोन-तीनच प्रकार पुन्हा पुन्हा आलेले आढळतील. दुरुस्ती तेवढ्यांचीच.

मराठी शाळेतून आलेल्या मुलाला जडच जाणार

गोव्यातल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून बहुतेक मुले इंग्रजीत जातात. भागाकाराचे डिव्हिजन आणि लसाविचे एलसीएम होते. हा बदल खडतर आहेच, पण अडतो तो शब्दांवर, आणि त्यांची यादी लहान आहे. ॲट लीस्ट म्हणजे किमान, ॲट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त, रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे, कॉन्सेक्युटिव्ह म्हणजे क्रमाने येणारे. प्रॉडक्ट म्हणजे गुणाकार, दुकानातली वस्तू नव्हे. असे तीस-चाळीस शब्द वहीत जोडीने लिहिले की काम होते.

उलट एका ठिकाणी मराठी सरळ मदतीला येते. फाइव्ह लेस दॅन अ नंबर या शब्दांत पाच आधी येतो, म्हणून मुले ५ − क्ष लिहून मोकळी होतात. हेच वाक्य मनात मराठीत म्हटले, संख्येपेक्षा पाचने कमी, तर संख्या आधी येते आणि क्ष − ५ आपोआप उतरते. शाब्दिक उदाहरण मराठीत समजून घेऊन समीकरण मांडणे ही चांगली रीत आहे. उत्तर इंग्रजीत लिहायचे असले तरी विचार कुठल्या भाषेत केला हे परीक्षक विचारत नाही.

डॉक्टरला आणि कॉमर्सवाल्याला गणित लागत नाही

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गणिताची प्रश्नपत्रिका नसते, एवढे खरे. पण तिथल्या ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे आहेत, आणि सदिश, आलेखाचा उतार, साइन-कोसाइन यांशिवाय ते सुटत नाही. रसायनशास्त्रात हायड्रोजन आयनांचे प्रमाण २ × १०⁻⁴ असेल तर पीएच ३.७ कसा, हे लॉगरिथम जाणणारालाच कळते. गणित सोडले तरी हा भाग वेगळा शिकावा लागतोच.

कॉमर्समधून सीए व्हायचे तर फाउंडेशनची १०० गुणांची तिसरी प्रश्नपत्रिका पाहा: व्यवसाय गणित ४०, तर्क २०, सांख्यिकी ४०, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे आहेत. आणि आपल्याकडे ज्या घरांत तारवटी, म्हणजे जहाजावरचे खलाशी, होण्याची परंपरा आहे, तिथे मुलाला किंवा मुलीला जहाजावर अधिकारी व्हायचे असेल तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या नॉटिकल आणि मरीन इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना बारावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही हवेत.

सीबीएसईच्या पालकांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. दहावीला बेसिक, म्हणजे सोप्या पातळीचे, गणित घेतले असेल तर अकरावीत नियमित गणित मिळेल का, हे प्रवेशापूर्वी शाळेत विचारा. आणि अकरावीला अप्लाइड मॅथेमॅटिक्स घ्यायचे असेल तर मनात असलेल्या पदवीला ते चालते का, हे त्या महाविद्यालयाकडून लेखी घ्या. प्रवेश अर्जावर विषयांचे रकाने भरण्याआधीच हे व्हायला हवे, कारण एकदा तुकड्या ठरल्या की गणिताच्या तुकडीत जागा मिळणे कठीण होते.