कर्व्ह सुंदर आला, म्हणून आकडा खरा?

पीएचडी करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एलायझाबद्दल, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन पकडून रंगावरून त्याचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीबद्दल, एक सल्ला कायम फिरत असतो: “एलायझा किट नावाजलेल्या कंपनीचं घ्या. स्टँडर्ड कर्व्हचा आर-स्क्वेअर ०.९९ आला, डुप्लिकेट जुळले, की डोळे मिटून आकडे लिहा. बाकी सगळं कंपनीने तपासलेलंच असतं, इतक्या पेपरांत वापरलंय.”

आधी कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांवरून काढलेला, मोजपट्टीसारखा वापरायचा आलेख. तो किटमधल्या कुपीतल्या शुद्ध प्रथिनाचा असतो, तेही कंपनीच्याच बफरमध्ये. आर-स्क्वेअर सांगतो बिंदू त्या आलेखावर किती नेमके बसले; ०.९९ म्हणजे तुमचा पिपेटवरचा हात चांगला आहे, एवढंच. सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशीविरहित द्रवात, अँटिबॉडीने नेमकं काय पकडलं, यावर तो अवाक्षर काढत नाही. आम्ल घातलं की टीएमबी या रसायनाचा निळा रंग पिवळा होतो, रीडर ४५० नॅनोमीटरला वाचतो. भलतंच प्रथिन पकडलं असलं तरी पिवळा पिवळाच.

डुप्लिकेटचंही, म्हणजे एकच नमुना दोनदा मोजण्याचंही, तेच. काट्यात खोट असली तर दहादा तोलूनही वजन तेवढंच भरतं.

“कंपनीने तपासलेलंच असतं” हे मात्र सर्वांत महागात पडणारं वाक्य. टोरोंटोतला एलेफ्थेरिओस डायमँडिस यांचा गट स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा मार्कर, म्हणजे रक्तात सापडणारी खूण, शोधत होता. सीयूझेडडी१ या प्रथिनाचं बाजारातलं किट आणलं, तर रुग्णांच्या सीरममध्ये आकडे खरोखरच चढे दिसले. मार्कर हाती लागला असं वाटलं. मग किटच्या अँटिबॉडीने काय धरलंय ते मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या तंत्राने, पाहिलं आणि निघालं सीए१२५, म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगात वर्षानुवर्षं मोजलं जाणारं जुनंच प्रथिन! स्वादुपिंडाच्या कर्करोगातही ते वाढतं, म्हणून तर आकडे इतके पटण्यासारखे होते. २०१४ मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःच छापलं. अनेकांनी गुपचूप दुसरा विषय घेतला असता.

आणि पेपरांची संख्या? व्यायामाने स्नायूंतून सुटतं असं सांगितल्या गेलेल्या इरिसिनची गोष्ट बघा. २०१२ मध्ये हे प्रथिन गाजलं, धडाधड किटं आली आणि किटागणिक आकडे कुठल्या कुठे जाऊ लागले. २०१५ मध्ये एका गटाने दाखवलं की त्यांतल्या अनेक अँटिबॉडी रक्तातल्या इतर प्रथिनांनाच चिकटतात. त्याच वर्षी मास स्पेक्ट्रोमेट्रीने रक्तात इरिसिन आहे हेही दिसलं, पण मिलिलिटरला तीन-चार नॅनोग्रॅम.

“किट महाग, तपासत बसायला वेल (प्लेटमधले खळगे, एका मोजणीला एक) कुठून आणू?” ही अडचण खरी आहे. पण दोन नमुने चार-चार डायल्यूशनला, म्हणजे चार वेगवेगळ्या पटींनी विरळ करून, लावले तर आठच वेल जातात, म्हणजे प्लेटची एक स्ट्रिप. विरळ केल्याच्या पटीने गुणून आकडा तोच यायला हवा. नमुन्यात माहीत असलेलं प्रमाण मिसळून ८० ते १२० टक्के परत मिळतंय का, तेही बघा. मात्र सीए१२५सारखा तोतया यात सापडणार नाही, कारण तोही डायल्यूशनला इमानदारीने उतरतो. त्यासाठी ते प्रथिन ज्यात नाहीच असा नमुना लावा, उदाहरणार्थ नॉकआउट पेशींचा (ज्यांतलं त्या प्रथिनाचं जनुक बंद केलंय) लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला द्रव. तिथेही वेल पिवळं झालं, तर ते किट तुमच्या कामाचं नाही.