"मांस खाणाऱ्या माशी"चा फॉरवर्ड: एकेक ओळ तपासून बघूया

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपातून फिरतोय, कोस्टारिका-पेरूच्या ट्रिपचे प्लॅन करणाऱ्यांकडे तर हमखास येतोय. एका पायावरच्या मोठ्या जखमेचा फोटो आणि खाली मजकूर. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात नदीकाठच्या वाळूत सँडफ्लाय नावाची माशी असते, ती चावली की जीव जाईल एवढं दुखतं, ती कातडीत अंडी घालते आणि अळ्या आतून मांस खातात, पेशंटला हात लावला तरी आपल्याला होतं, जगात औषध नाही, तापलेल्या लोखंडाचा डाग हाच एक उपाय, जखम भरली की रोग संपला, मच्छरदाणीत झोपलं की काही होत नाही. आणि शेवटी, "नशीब आपल्याकडे असलं काही नाही." ह्यातली जवळपास प्रत्येक ओळ चूक आहे, आणि दोन ओळी तर एखाद्याचं नाक घालवू शकतात, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. मेसेज ज्या रोगाबद्दल आहे तो लेशमनियासिस, सँडफ्लाय चावल्याने अंगात शिरणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा रोग.

आधी वाळूचं बघू. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे तिळाएवढी, अंगावर लव असलेली, बसली की पंख वर उचलून धरते. तिथल्या ह्या माशीला जंगलातली ओलसर, सावलीची जागा लागते. अंडी घालते ती कुजलेल्या पालापाचोळ्यात, झाडांच्या मुळांच्या बेचक्यात, ढोलीत, प्राण्यांच्या बिळात, आणि अळ्या तिथलाच कुजका कचरा खाऊन वाढतात. साचलेलं पाणी तिला लागतच नाही, त्यामुळे डासांसाठी आपण जे करतो, डबकी बुजवा, टायर उलटे करा, ते इथे उपयोगाचं नाही. समुद्रकिनाऱ्यावर पायाला चावून हैराण करणाऱ्या बारीक चिलटांनाही बरेच लोक सँडफ्लायच म्हणतात, पण ती वेगळी जात, खाज भरपूर, हा रोग मात्र त्यांच्यामुळे होत नाही. म्हणजे मेसेज वाचून कोणी नदीकाठ टाळेल आणि संध्याकाळी जंगलातल्या मोठ्या झाडाला टेकून निवांत बसेल, आणि धोका नेमका तिथेच आहे. ॲमेझॉनच्या उत्तर भागात लुत्झोमिया अंब्रॅटिलिस नावाची जात आहे, ती दिवसा मोठाल्या बुंध्यांवर बसून असते आणि तिला डिवचलं तर भर दिवसा चावते. एरवी ह्या माश्यांची वेळ संध्याकाळ ते पहाट.

आता अळ्या. हा मुद्दा सगळ्यात जास्त शेअर होतोय आणि हाच सगळ्यात खोटा आहे. मांसात अळी वाढणं हा प्रकार त्याच जंगलांत असतो, नाही असं नाही, पण तो बॉटफ्लाय नावाच्या वेगळ्याच माशीचा. ती डासाला पकडून त्याच्या अंगावर आपली अंडी चिकटवते, डास माणसावर बसला की अंगाच्या उबेने अळी बाहेर येते आणि कातडीत शिरते. किळसवाणं आहे, पण अळी काढून टाकली की विषय संपतो. मेसेज बनवणाऱ्याने दोन माश्यांची खिचडी केलीये.

सँडफ्लाय आत काही घालत नाही, निदान स्वतःचं तरी नाही. फक्त मादी चावते, कारण तिला अंड्यांसाठी रक्त लागतं. डास सोंड थेट रक्तवाहिनीत घालतो, हिचं तोंड आखूड आणि करवतीसारखं, ती कातडी कापते आणि तिथे जमलेलं रक्त पिते. तिने आधी एखाद्या स्लॉथचं किंवा जंगली उंदराचं रक्त प्यायलेलं असेल आणि त्यात लेशमनिया नावाचा एकपेशीय परजीवी असेल, तर तो तिच्या आतड्यात वाढतो, आणि वाढताना एक चिकट जेल सोडतो ज्याने तिच्या आतड्याचं तोंडच तुंबतं. मग तिला नीट पिता येत नाही, ती परजीवींसकट ते जेल जखमेत ओकते, पोट भरत नाही म्हणून परत परत चावायला बघते, आणि परजीवीला नेमकं हेच हवं असतं. मला स्वतःला ह्या रोगातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पुढे माणसाच्या शरीरात जंतू गिळून मारणाऱ्या ज्या पेशी असतात त्या ह्याला गिळतात, आणि हा त्यांच्याच आत ठाण मांडून वाढतो. डोळ्याने दिसेल असं काहीही त्या जखमेत नसतं, हा परजीवी दिसायला मायक्रोस्कोपच लागतो.

चावताना जीव जातो हेही चूक. तिच्या उडण्याचा आवाज येत नाही, आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही. फोड येतो तो काही आठवड्यांनी, कधी कधी महिन्यांनी, तोवर माणूस घरी येऊन ऑफिसला जायला लागलेला असतो. २०१५ मध्ये होंडुरासच्या मोस्किटिया जंगलात पुरातत्त्व मोहीम गेली होती, चांगली तयारी करून गेलेले लोक, तरी त्यातल्या अनेकांना घरी परतल्यावर हे फोड आले. आधी साधी पुळी वाटते, मग मध्ये खड्डा पडतो, कडा उचलल्यासारख्या जाड होतात, आणि बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच लोक महिनोन्महिने मलमं लावत बसतात.

हात लावून होतं का? नाही. माशी लागते. तरी पेशंटकडे संशयाने बघणं ह्या रोगाच्या पाचवीलाच पुजलंय. कोलंबियात जंगलात लपलेल्या बंडखोरांना हा फार व्हायचा म्हणून त्याला गनिमांचा रोग म्हणायला लागले, औषधावर सरकारी नियंत्रण आलं, आणि साधे शेतकरीसुद्धा संशयाच्या भीतीने फोड लपवायला लागले. त्यात असले मेसेज.

औषध नाही हे वाक्य तर शंभर वर्षं जुनं खोटं म्हणावं लागेल. १९१२ मध्ये ब्राझीलच्या गॅस्पर व्हियाना ह्या डॉक्टरने अँटिमनीचा क्षार, टार्टार एमेटिक, देऊन ह्या रोगाचे पेशंट बरे केले. पुढे दहाएक वर्षांत आपल्या कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी युरिया स्टिबामाइन आणलं, ते काळ्या आजारासाठी, पण तो ह्याच परजीवीच्या भावकीतला रोग आणि औषधही अँटिमनीचंच. आजही अँटिमनीची इंजेक्शनं देतात, साधारण वीस दिवस, ईसीजीवर लक्ष ठेवून. शिवाय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन आहे, मिल्टेफोसिनच्या गोळ्या आहेत, गरोदर बाईला मात्र त्या चालत नाहीत. कुठलंच औषध सोपं नाही, साइड इफेक्ट आहेत, हे मान्य. पण "नाही" आणि "सोपं नाही" ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डाग देण्यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणूनच ते पटतं. काही प्रकारांत डॉक्टर उष्णतेचा उपचार करतात, पण तो मशिनने, जागा बधिर करून, ५० अंशाला ३० सेकंद. लाल तापलेलं लोखंड टेकवलं की कातडी जळते, वर दुसरं इन्फेक्शन, आणि ज्या कडेवरून डॉक्टर नमुना घेणार तीच नष्ट. तिथल्या खेड्यांत लोक बॅटरीचं ॲसिडसुद्धा लावतात, कारण दवाखाना लांब असतो. नाइलाज म्हणून केलेल्या गोष्टीचा उपाय म्हणून प्रचार करू नये.

आणि आता ज्या ओळीमुळे मी लिहायला बसले ती. "जखम भरली की रोग संपला." परजीवीच्या काही जातींत हे खरंही असतं. मेक्सिकोच्या युकाटानमध्ये च्युइंगमचा चीक गोळा करणाऱ्यांना जो प्रकार व्हायचा तो बऱ्याचदा आपोआप भरायचा, फक्त कानावर झाला तर वर्षानुवर्षं राहून कान झडायचा. पण लेशमनिया ब्राझिलिएन्सिस जातीचं तसं नाही. पायावरची जखम भरते, व्रण राहतो, माणूस विसरतो, आणि काही जणांत महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी परजीवी नाकाच्या आतल्या त्वचेत डोकं वर काढतो. सुरुवात अगदी साधी, नाक चोंदतं, खपल्या धरतात, अधूनमधून रक्त येतं. मग नाकाच्या मधल्या पडद्याला भोक, पुढे टाळू, घसा. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतं, पण ज्याला होतं त्याचा चेहरा जातो. जगातल्या अशा केसेसपैकी ९० टक्क्यांहून जास्त ब्राझील, बोलिव्हिया, पेरू आणि इथिओपिया ह्या चार देशांत आहेत, आणि ह्यातलं पेरू आपल्या ट्रिपवाल्यांच्या यादीत असतंच. म्हणून जखमेच्या कडेचा तुकडा घेऊन पीसीआरने जात ओळखणं महत्त्वाचं, नुसतं "बरं होईल" पुरत नाही. आपल्याकडच्या स्किनच्या डॉक्टरला हे लगेच सुचेलच असं नाही, तेव्हा कुठल्या देशात, कुठल्या जंगलात, कधी गेला होतात हे आपणहून सांगा, पाच वर्षं झाली असली तरी.

मच्छरदाणीबद्दल थोडक्यात. साध्या जाळीतून ही माशी आरामात आत येते. इंचाला निदान १८ भोकं असलेली बारीक जाळी हवी, औषध मारलेली असेल तर उत्तम. कपड्यांना परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक, उघड्या अंगाला डीट नावाचं कीटक दूर ठेवणारं औषध, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या. पंखा असेल तर लावाच, ही माशी उडण्यात एवढी कच्ची आहे की वाऱ्यापुढे तिचं काही चालत नाही. लस नाही, आधी घ्यायची गोळी नाही.

राहिलं "आपल्याकडे नाही". बिकानेरला त्वचेचा लेशमनियासिस कित्येक वर्षांपासून आहे. केरळात अगस्त्यमलाईच्या जंगलात, म्हणजे आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, काणी आदिवासींच्या वस्त्यांवर सापडलाय. आणि महाराष्ट्रातसुद्धा सँडफ्लाय आहेच. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदिपुरात जो विषाणू सापडला आणि ज्याला त्या गावाचंच नाव मिळालं, तो सँडफ्लायच पसरवते. २००३ मध्ये त्याने आंध्र आणि महाराष्ट्रात मुलं गेली, २०२४ मध्ये गुजरातमध्ये. लहान मुलाला अचानक ताप आणि झटके येऊन चांदिपुराचा संशय आला की आरोग्य विभागाची माणसं मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात फवारणी करतात ती ह्याच माशीसाठी.