आठ सेकंदांची पोरं, नऊ सेकंदांचा मासा

आमच्या तालमीच्या ग्रुपवर या आठवड्यात तिसऱ्यांदा तो मेसेज आला. “मायक्रोसॉफ्टच्या संशोधनातून सिद्ध! सन २००० मध्ये माणसाचं लक्ष १२ सेकंद टिकायचं, आता ८ सेकंद. गोल्डफिश माशाचं ९. कॉलेजच्या पोरांचे मोबाइल काढून घ्या, आपोआप अभ्यास करतील.” खाली हात जोडलेले. मी कोल्हापुरात राजारामपुरीत अभ्यासिका चालवतो. दोन पालक तर हा मेसेज दाखवायला थेट टेबलापाशी आले. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

‘संशोधन’: मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेचा २०१५ चा अहवाल आहे, खरं. पण तो जाहिरातदारांसाठी होता, आणि १२, ८, ९ हे आकडे त्यांनी मोजलेले नव्हतेच. ‘स्टॅटिस्टिक ब्रेन’ नावाच्या वेबसाइटवरून उचललेले. त्या साइटनं ज्यांची नावं सांगितली होती, त्यांच्याकडे २०१७ मध्ये बीबीसीनं चौकशी केली, तर कुणाकडेच आकड्यांचा माग लागला नाही. उसनवारीचा माल, सावकार बेपत्ता.

‘मासा’: बिचारा फुकट बदनाम. स्मरणशक्तीचे प्रयोग गोल्डफिशवर कित्येक दशकं चाललेत, ते त्याच्या लक्षात राहतं म्हणूनच.

‘८ सेकंद’: शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या फुटबॉल टीमची मॅच असली की हीच पोरं ती संपेपर्यंत उन्हात जागची हलत नाहीत. कुठला पास कुणाला गेला, रात्री गल्लीत पुन्हा सगळं सांगतात.

मोबाइलला मी सोडत नाहीये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी स्क्रीनवर काम करणारी माणसं मोजली. २००४ मध्ये एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं, अलीकडच्या वर्षांत ४७ सेकंद. फॉरवर्ड करायचाच असेल तर हा आकडा करा. पण यात मोजलंय ते माणूस किती लवकर स्क्रीन बदलतो एवढंच; मेंदूची कुवत घटली असं त्यातून निघत नाही. आणि मोजलेली बरीचशी माणसं नोकरदार, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांच्याच पंगतीतली.

माझ्याकडे बारा नंबरच्या टेबलावर गडहिंग्लजकडचा एक पोरगा बसतो. बी.कॉम.ला आहे. परवा ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळेनात, तसा हात खिशाकडे गेला. “किती वाजले बघतोय, सर.” अकरा मिनिटांनी मान वर. तोवर कुठली रक्कम कुठं नेली होती ते डोक्यातून गेलेलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून. अकरा मिनिटं गेली, त्याआधीची वीस मिनिटंही गेली. त्याच्या शेजारची मुलगी फोन पिशवीत घालून पिशवी बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवते. चहाला उठली की बघते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

‘काढून घ्या’: घ्या की! परीक्षेचं वेळापत्रक व्हॉट्सॲपवर, नोट्स टेलिग्रामवर, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपीही फोनवरच. गेल्या वर्षी एका वडिलांनी पोराचा फोन कपाटात कोंडला. सबमिशनची तारीख अलीकडे आल्याचं त्याला तीन दिवसांनी कळलं. फोन हातात पडला त्या रात्री पोरगं दोनपर्यंत रील बघत होतं, हे वडिलांनीच मला सांगितलं.

मी दाराजवळ फोन ठेवायला खणांचं एक लाकडी कपाट करून घेतलंय. सक्ती नाही. ४० खणांपैकी काल २६ भरले होते. बारा नंबरचा अजून रिकामाच आहे.